घरच्या स्टोरेज सर्व्हरचे पार्ट निवडताना बोर्ड शेवटी घ्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. नंदगडला घराला लागूनच फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ. लग्नं, मुंजी, यात्रा, गावची नाटकं धरून साडेपाच टीबी डेटा सहा-सात पोर्टेबल डिस्कवर विखुरलेला. लाईटीचा भरवसा नाही, घरात १५० एएचच्या बॅटरीवर इन्व्हर्टर आहे. बजेट पस्तीस हजार. चोवीस तास चालेल आणि वीज कमी खाईल असा सर्व्हर हवाय, आणि विचारलंय असं की रास्पबेरी पाय ५ (तळहाताएवढा संगणक) घेऊ, एन१०० प्रोसेसरचा बोर्ड मागवू, की दुकानदार सुचवतोय तो दोन डिस्कचा तयार नॅस (नेटवर्कवर फाइली ठेवायचा तयार डबा) घेऊ. जाता जाता हेही लिहिलंय, की चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला जुना पीसी पडून आहे, पण तो वीज खातो म्हणून बाद.

या तिन्हींपैकी काहीही घेतलंत तरी फाइली उघडतील. फाइली देण्याघेण्याचं काम प्रोसेसरला किरकोळ असतं. मी बेळगावात आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडे छोट्या ऑफिसांचे, छापखान्यांचे, स्टुडिओंचे सर्व्हर जोडून देतो आणि बिघडले की उघडतोही. प्रोसेसर गेला म्हणून टेबलावर आलेलं मशीन क्वचित दिसतं. येतात ते पॉवर सप्लाय, अडॅप्टर, डिस्क आणि वळवाच्या पावसानंतर मेलेले लॅन पोर्ट. म्हणून माझा क्रम तुमच्या उलटा आहे: आधी डिस्क, मग त्यांना वीज कुठून आणि कशी मिळणार ते, मग लाईट गेली-आली की काय होणार ते, आणि सगळ्यात शेवटी बोर्ड.

आधी 'वीज खातो' याचा हिशोब करू, कारण तुमचा सगळा प्रश्न त्यावर उभा आहे.

१० वॅटची वस्तू वर्षभर अखंड चालली तर ८७.६ युनिट होतात, महिन्याला सव्वासात. समजा तुमचा जुना पीसी डिस्कसकट ५० वॅट घेतो आणि नवा बोर्ड २५ मध्ये भागवतो. फरक २५ वॅटचा, म्हणजे वर्षाला २१९ युनिट. हिशोबापुरते युनिटला सात रुपये धरा, दीड हजाराच्या आसपास वाचले. नवीन बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय मिळून पंधरा हजार घातले तर ते वसूल व्हायला दहा वर्षं लागणार. तोवर बोर्ड टिकला तर. नुसत्या बिलाकडे बघून जुना पीसी बाद करणं परवडत नाही.

पण आपण कर्नाटकात राहतो आणि आपल्याकडे गृहज्योती ही घरगुती मोफत विजेची योजना आहे, तिथे हा हिशोब वेगळा वळतो. योजनेचं मूळ सूत्र असं: २०२२-२३ मधली तुमची महिन्याची सरासरी, त्यावर १० टक्के, एवढे युनिट मोफत. त्याच्या वर गेलात पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की सगळं बिल भरायचं. आता बघा, घराचा वापर महिना १७० युनिट असेल तर ५० वॅटचा सर्व्हर त्यात ३६ युनिट घालतो. झाले २०६. तोच सर्व्हर २५ वॅटचा असेल तर १८ युनिट, एकूण १८८. वॅटमधला फरक तेवढाच, पण एकीकडे मोफतचे सगळे युनिट हातचे गेले. उलट तुमचा वापर ९० असेल तर हा धोका नाहीच. आणि स्टुडिओचं मीटर वेगळं, व्यावसायिक असेल तर योजना त्याला लागूच नाही, मग पुन्हा दीड हजारवाला हिशोब. त्यामुळे सर्व्हर कुठल्या मीटरवर चालणार आणि वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या, गेल्या बारा बिलांवर युनिट किती पडलेत, हे आधी काढा. बिल कन्नडमध्ये असलं तरी आकडे कळतात, काही अडत नाही.

जुना पीसी नक्की किती खातो हे मोजायलाही खर्च नाही. घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा. फ्रिज, राउटर, देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा. इन्व्हर्टरचा इनपुटही काढा, नाहीतर त्याचं चार्जिंग आकड्यात मिसळतं. मग फक्त पीसी लावून तो निवांत झाल्यावर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरला १,१२५ भागिले सेकंद म्हणजे वॅट. दिवा ४५ सेकंदांनी लागला तर २५ वॅट, साडेबावीस सेकंदांनी लागला तर ५०. मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा, आणि जे येईल त्याला सेकंदांनी. मोजण्याआधी एक काम करा, पीसीतलं जुनं ग्राफिक कार्ड काढून ठेवा. आय-फाइव्हमध्ये स्वतःचं ग्राफिक असतं, आणि रिकामं बसलेलं कार्डही सहज दहा-एक वॅट खातं.

कमी वॅटचा तुम्हाला खरा फायदा बॅटरीवर होईल. १५० एएच, १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. बॅटरीचं वय, इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं हे सगळं वजा करून मी निम्मेच धरतो, ९०० ते ९५०. घरातले पंखे-दिवे १५० वॅट असतील तर ६० वॅटच्या सर्व्हरसकट साडेचार तास मिळतात आणि २० वॅटच्या सर्व्हरसकट साडेपाच. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात झाड पडून लाईन गेली की तो एक तास कामाला येतो.

आता डिस्क. पस्तीस हजारांतले निम्म्याहून जास्त इथेच जाऊ देत.

साडेपाच टीबी आज आहे, आणि लग्नसराईत फोर-के शूट करत असाल तर तो आकडा भराभर चढतो. चार टीबीच्या चार डिस्क आणि आठ टीबीच्या दोन, यांत दोन घ्या आणि एकीची दुसरीवर जशीच्या तशी प्रत राहील अशा जोडा. साडेतीन इंची डिस्क काही न करता नुसती फिरत असतानाही ४ ते ६ वॅट घेते. म्हणजे दोन डिस्क कमी केल्या की दहा-एक वॅट वाचले, बोर्ड बदलून वाचतील त्याच्या निम्मे तर इथेच. शिवाय दोन सॅटा पोर्ट (बोर्डवर डिस्क जोडायच्या जागा) कमी लागले, पॉवर सप्लाय लहान झाला, कॅबिनेट लहान झालं.

डिस्क ५४०० आरपीएमच्या गटातली पुरे. गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११० एमबीच्या आसपास थांबतं आणि आजची साधी डिस्क मोठी फाइल त्याहून वेगाने वाचते. ७२०० आरपीएमची घेऊन नेटवर्कच्या दारात थांबवून ठेवायची, वर तिची उष्णता आणि घरघर सोसायची, याला अर्थ नाही. एडिटिंग तुमच्या पीसीतल्या एसएसडीवर करा, संपलेलं काम सर्व्हरवर टाका. सर्व्हरवरूनच टाइमलाइन चालवायची हौस असेल तर तो वेगळा आणि खर्चिक विषय आहे.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा: सीएमआर डिस्क हवी, जिच्यात ट्रॅक शेजारी-शेजारी असतात, एसएमआर नको. एसएमआर डिस्कमध्ये जागा वाचवायला ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर त्यावरची पुढची सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. रोज थोडं थोडं लिहिताना हे जाणवत नाही. पण जोडीतली एक डिस्क मेली आणि नवीनवर आठ टीबी सलग उतरवायचे झाले, की वेग कोसळतो, आणि नेमक्या त्या काळात तुमच्याकडे एकच धड प्रत असते. नुसत्या नावावर भरवसा नको. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, आणि त्यानंतर सीएमआरवाल्यांना 'रेड प्लस' हे वेगळं नाव मिळालं. आज रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन३०० हे घरच्या सर्व्हरचे नेहमीचे पर्याय. साधी बाराकुडा स्वस्त दिसते, पण त्या मालिकेत एसएमआर मॉडेलं बरीच आहेत, म्हणून पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमच्या पोर्टेबल डिस्क तर बहुतेक एसएमआरच असणार. त्या फोडून सर्व्हरमध्ये बसवायचा विचार मनात आला असेल तर सोडा. काहींमध्ये सॅटाची पिनच नसते, यूएसबी थेट सर्किटवर असतं. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

डिस्क घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि दुकानातच सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का बघा. घरी आल्यावर डेटा टाकायच्या आधी डिस्कची लांब स्वयंचाचणी चालवा. आठ टीबीला निम्मा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो, लागू द्या. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण गाजलं. तेव्हा एक गोष्ट बऱ्याच जणांना कळली: सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी नोंद असते, तिच्यातले तास आणि नेहमीचे स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले) तास जुळले पाहिजेत. स्मार्टसीटीएल या मोफत प्रोग्रामची नवी आवृत्ती ती दाखवते. पाच मिनिटांचं काम आहे.

डिस्क वापर नसताना झोपवाव्यात का? तुमच्याकडे हो, कारण अर्काइव्ह रात्रभर कुणी उघडत नाही. पण दहा मिनिटांनी झोप आणि पंधराव्या मिनिटाला जाग, असं लावलं तर मोटर सारखी बसते-उठते आणि वाचलेली वीज उठण्यातच जाते. मी तासाभराचा अवकाश ठेवतो.

पॉवर सप्लायवर जरा जास्त बोलतो, कारण बिघाड इथूनच सुरू होतात.

पहिली गोष्ट, वॅटची मोठी संख्या म्हणजे चांगला सप्लाय, असा समज आपल्या बाजारात घट्ट बसलाय. २५ वॅटच्या सर्व्हरला ४५० वॅटचा सप्लाय लावला तर तो आपल्या ताकदीच्या साडेपाच टक्क्यांवर चालतो. सप्लायवर असणाऱ्या एटी प्लस (80 PLUS) या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्रात कार्यक्षमता मोजतात ती २०, ५० आणि १०० टक्के भारावर. त्याच्या खाली, टायटॅनियम सोडला तर, कुणी काही कबूल केलेलं नसतं, आणि प्रत्यक्षात ती चांगलीच घसरते. म्हणून छोट्या सर्व्हरला बाहेरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि आत त्या १२ व्होल्टवरून बोर्डला लागणारी वीज करणारी छोटी पिको प्रकारची पट्टी हा जोड चांगला पडतो. पंखाही नाही, पाल आत शिरायची भीतीही कमी.

पण अडॅप्टर किती अँपिअरचा, इथे फसगत होते. साडेतीन इंची डिस्क एकदा फिरायला लागली की थोडक्यात भागवते, मात्र सुरू होतानाचे काही सेकंद ती १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते. दोन डिस्क म्हणजे ४, बोर्डचा एक-दीड वेगळा. आता समोर ५ अँपिअर छापलेला, हातात हलका लागणारा अडॅप्टर ठेवा. बटण दाबलं की दोन्ही डिस्कचा चढता आवाज येतो, मध्येच 'टक्', आणि एक डिस्क गप्प. चार-पाच सेकंदांनी पुन्हा तोच चढता आवाज, पुन्हा टक्. डिस्कच्या कनेक्टरवर मल्टिमीटर धरला तर पिवळ्या वायरवर त्या क्षणी १२ चे १०.५ झालेले दिसतात. डिस्कला खाली १०.८ पर्यंतच चालतं. माणूस समजतो डिस्क खराब, ती वॉरंटीत पाठवतो, नवी येते आणि तीही टक् करते. दोन डिस्कना १२ व्होल्ट, ८ ते १० अँपिअरचा वजनदार अडॅप्टर घ्या. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस सर्व्हरला लावायची युक्ती यूट्यूबवर फिरते. त्यातले बरेच २-३ अँपिअरचे असतात, एक डिस्कसुद्धा धड उठवणार नाहीत. राउटर आणि फायबरच्या डब्याला तो जरूर लावा.

वायरचंही तेवढंच. जुन्या चार पिनच्या प्लगवरून सॅटाची पॉवर काढायचं स्वस्त कन्व्हर्टर मिळतं, ज्याचं टोक प्लास्टिक ओतून बंद केलेलं असतं. आतल्या वायरी एकमेकींना टेकून ते जळाल्याच्या कहाण्या जगभर आहेत. घ्यायचंच झालं तर दाबून बसवलेल्या पिनांचं, ज्यात प्रत्येक वायर वेगळी दिसते, असं घ्या.

यानंतर इन्व्हर्टर. तुमचा साइनवेव्ह आहे की स्क्वेअरवेव्ह, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. लाईट गेल्यावर पंखा जास्त गुणगुणत असेल तर बहुधा स्क्वेअरवेव्ह. स्क्वेअरवेव्हवर संगणकाचे चांगले, ॲक्टिव्ह पीएफसीवाले (वीज सुरळीत ओढणारी सर्किट असलेले) सप्लाय कधी कधी बंद पडतात, आणि मध्ये यूपीएस लावलात तर त्याला ती वीज पसंत पडत नाही, तो सारखा स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि मेन्स येईपर्यंत बॅटरी रिकामी करून बसतो. साइनवेव्ह असेल तर मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो, तो यूपीएसवर करा. बदलायला लागणारा वेळ त्याने कमी होतो. एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉप पीसीचा नेहमीचा सप्लाय, पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद वीज नसताना तग धरतो, कमी भारावर त्याहून जास्त. म्हणून छोटा सर्व्हर साइनवेव्ह इन्व्हर्टरवर न अडखळता चालतो हे आमच्याकडे रोज दिसतं. जमलंय की नाही हे तपासायचं तर मेन स्विच पाच-सहा वेळा पाडून बघा आणि डिस्कच्या स्मार्ट नोंदीतला पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट हा आकडा आधी आणि नंतर लिहून ठेवा. वीज अचानक तुटून डिस्कचं वाचायचं-लिहायचं डोकं घाईघाईने मागे घ्यावं लागलं की हा आकडा वाढतो. वाढला नाही म्हणजे डिस्कला लाईट गेल्याचं कळलंच नाही.

बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद झाला पाहिजे, आणि घरचा इन्व्हर्टर सर्व्हरला काही कळवत नाही. स्वस्त ६०० व्हीएच्या यूपीएसलाही बहुधा यूएसबीचा डेटा पोर्ट नसतो. यावर एक देशी उपाय: एखादा जुना वायफाय राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटला लावून ठेवा आणि सर्व्हरवर छोटी स्क्रिप्ट टाका, जी दर मिनिटाला त्याला पिंग करते. राउटरने सलग दीड तास उत्तर दिलं नाही तर सर्व्हर स्वतःला बंद करेल. वेळ तुमच्या बॅटरीप्रमाणे बदला. आणि बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप चालू' हे ठेवू नका. आपल्याकडे लाईट येते ती दोन-तीनदा येऊन-जाऊन मग स्थिरावते. सकाळी स्टुडिओ उघडताना हाताने बटण दाबलेलं बरं.

विजांचं सांगायला पाहिजे. एप्रिल-मेच्या वळवात जी मशीनं येतात त्यांच्यात वीज पॉवरच्या वायरीने आलेली कमी आणि लॅनच्या वायरीने आलेली जास्त. गल्लीतला इंटरनेटवाला गच्च्यांवरून लॅनची केबल ओढत आणतो, किंवा घर ते स्टुडिओ अशी केबल मोकळ्यावरून जाते. बाहेरून येणारी तांब्याची केबल थेट सर्व्हरला लावू नका. इंटरनेट फायबरनेच घ्या, आणि घर-स्टुडिओमध्येही फायबर टाकून दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा, महाग नाहीत. अर्थिंग तीन पिनच्या सॉकेटवर विसंबून गृहीत धरू नका. मल्टिमीटरने फेज ते अर्थ बघा, फेज ते न्यूट्रलएवढंच, २३० च्या आसपास पाहिजे. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. जुन्या घरांत अर्थची पिन असते, तिला वायरच नसते. मल्टिमीटर वापरायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, स्वतः सॉकेट उघडत बसू नका.

आता कुठे बोर्ड.

रास्पबेरी पाय ५ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, स्वतः तीन-चार वॅटवर बसतो. पण त्याला सॅटा नाही. पीसीआयईची (जादा कार्ड जोडायच्या मार्गाची) एकच लेन बाहेर काढलेली, तिच्यावर वेगळं सॅटा कार्ड, साडेतीन इंची डिस्कना वेगळी १२ व्होल्ट वीज, वेगळा डबा, असं करत किंमत छोट्या पीसीएवढी होते. यूएसबी डॉकवर डिस्क लावल्या तर काही डॉकचे चिप मध्येच संपर्क सोडतात, आणि प्रतीची जोडी विस्कटते. शिकायला उत्तम, गिऱ्हाइकांची लग्नं ठेवायला मी लावत नाही.

एन१०० हा २०२३ च्या सुरुवातीचा इंटेलचा चार कोरचा प्रोसेसर. जाहिरातीतला ६ वॅट हा आकडा चिपचा आहे, भिंतीतल्या सॉकेटचा नाही. डिस्क न लावता अख्खा बोर्ड ८ ते १५ वॅट घेतो, बोर्डवर काय काय चिकटवलंय त्यावर. इथे निवडताना बघायचं ते सॅटाचं. चिपमध्ये स्वतःचे दोनच सॅटा पोर्ट असतात. सहा सॅटा आणि चार नेटवर्क पोर्ट दाखवणारे जे चिनी बोर्ड ऑनलाइन मिळतात, त्यांच्यात जास्तीचे पोर्ट जेएमबी५८५ सारख्या वेगळ्या चिपवरून काढलेले असतात. ही चिप प्रोसेसरला गाढ झोपेत जाऊ देत नाही अशी तिची ख्याती आहे, आणि मग कमी वॅटचा म्हणून घेतलेला बोर्ड रिकामा बसूनही जास्त खातो. एएसएम११६६ या बाबतीत बरी, फर्मवेअर नवीन असेल तर. तुम्हाला दोनच डिस्क लावायच्यात, म्हणजे हा सगळा प्रश्नच उरत नाही. दोन सॅटा थेट प्रोसेसरवरून देणारा साधा बोर्ड बघा. ॲसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा त्यातला एक, तो लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो आणि डिस्कची वीजही बोर्डवरूनच देतो. भारतातली वॉरंटी मिळत असेल तरच घ्या. रॅमची एकच काठी बसते, ८ जीबी पुरे. एका टीबीला एक जीबी रॅम हा झेडएफएस या फाइलसिस्टिमचा जुना ठोकताळा घरच्या वापराला लागू नाही.

तयार नॅस वाईट नाही. लिनक्सची काळी खिडकी बघायचीच नसेल आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही चालवता यायला हवा असेल तर तोच घ्या. फक्त रिकाम्या डब्याची किंमत तुमच्या डिस्कच्या पैशांतून जाते.

चौथा पर्याय तुमच्या यादीत नाही: कंपन्यांतून उतरलेले आठव्या पिढीचे छोटे ऑफिस पीसी. त्यांचे सप्लाय लहान भारावर चांगले चालतात. मात्र काही मॉडेलांत साडेतीन इंची डिस्कला एकच जागा असते. झाकण उघडून दोन जागा बघितल्याशिवाय घेऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर जुन्या पीसीवरच सुरुवात केली असती. ग्राफिक कार्ड काढायचं, घड्याळाचा सेल बदलायचा, त्यातला जुना लोकल सप्लाय फेकून ३०० वॅटच्या आतबाहेरचा नावाजलेला सप्लाय घालायचा, सिस्टिमसाठी छोटी एसएसडी, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत नॅस सिस्टिम. त्या पिढीच्या बोर्डवर सॅटा पोर्ट पुरेसे असतात. राहिलेले सगळे पैसे आठ टीबीच्या दोन डिस्कना. मीटरवर आकडा ३५-४० वॅटच्या आत आला आणि घराचे युनिट २०० पासून लांब असतील तर बोर्ड बदलायची गरजच नाही. जवळ असतील तर वर्षभराने एन१०० घ्या, डिस्क तशाच उचलून तिकडे लावता येतात.

मशीन ठेवायचं कुठे, हे थोडक्यात. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर, पंख्याला जाळी. वडगावात घरातच माग असलेल्या एकांकडे पुढच्या जाळीवर सुताच्या तंतूंचा राखाडी नमदा बसायचा, नखाने कडेने सोडवला की अख्खा हातात यायचा, आणि मागे डिस्क ५५ अंशांवर तापलेली. ती ४५ च्या आत राहायला हवी. तुमच्याकडे सूत नाही, पण स्टुडिओच्या पडद्यांची धूळ आहे.

आणि त्या सहा-सात पोर्टेबल डिस्क. सर्व्हरवर सगळं उतरल्यावर त्या फॉरमॅट करू नका. हाच तुमचा बॅकअप आहे. दोन डिस्कची जोडी एक डिस्क मेली तर वाचवते. चुकून फोल्डर उडवला, व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या किंवा वीज पडली तर दोन्हीकडचं एकदमच जातं. डिस्कवर वर्षाप्रमाणे चिठ्ठ्या लावा, नवीन हंगामासाठी एखादी डिस्क वाढवा, आणि त्या स्टुडिओच्या कपाटात न ठेवता बेळगावात किंवा खानापुरात नातेवाइकांकडे ठेवा. वर्षातून एकदा आणून लावून चार फाइली उघडून बघा.

पुढचं ठरवायला मला तीन गोष्टी कळवा: ग्राफिक कार्ड काढल्यावर दोन लुकलुकींमधले सेकंद आणि मीटरवरचा पल्सचा आकडा, इन्व्हर्टरच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो, आणि सर्व्हर घरच्या मीटरवर चालणार की स्टुडिओच्या. त्यावरून सप्लायचा नेमका मॉडेल सांगतो. डिस्क तोवर मागवायला हरकत नाही, त्या कुठल्याही पर्यायात त्याच लागणार आहेत.